क्षत्रपांचे रुपे

ज्या घराण्याचे चरित्र कोणा बाणभट्टाने लिहिले नाही, ज्याची बखर कोणी रचली नाही, ज्याच्या दप्तराचे एक पानही काळाने शिल्लक ठेवले नाही आणि पुराणकारांनी ज्याची बोळवण शकांच्या ओझरत्या उल्लेखावर केली, त्या पश्चिम क्षत्रपांच्या सुमारे साडेतीन शतकांच्या अंमलाचा जो काही क्रमबद्ध इतिहास आज आपल्या हाती आहे, तो मुख्यत्वेकरून एका चिमुकल्या चांदीच्या नाण्याने सांगितलेला आहे. माळवा, सौराष्ट्र, गुजरात, कच्छ आणि काही काळ नाशिक, जुन्नर व उत्तर कोकण एवढ्या विस्तीर्ण मुलखावर या शकवंशीय राजांची सत्ता होती. त्यांचे शिलालेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नसले तरी फार नाहीत. परंतु त्यांची नाणी हजारोंनी सापडली आहेत आणि अद्यापि सापडत आहेत. या नाण्यांनी राजांच्या पिढ्या लावून दिल्या, ही गोष्ट अभ्यासकांना आता नवी राहिलेली नाही. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मात्र आपल्याकडे जितक्या आग्रहाने मांडली जावयास हवी तितकी मांडली जात नाही, ती ही की, हे परकीयांनी पाडलेले रुपे पश्चिम भारताने, आणि त्यातही गोदावरीच्या खोऱ्याने, आपलेसे केले. ज्यांनी त्या परकीयांचा उच्छेद केला त्यांनीही ते टाकून दिले नाही, आणि राज्य बुडाल्यावर कित्येक पिढ्या त्याचाच साचा या भूमीत चालू राहिला. 

प्रथम ते नाणे जवळून पाहू. शके १३१ मधील, म्हणजे इसवी सन २०९ च्या सुमाराचे, महाक्षत्रप पहिला रुद्रसेन याचे एक नाणे डोळ्यांपुढे आणावे. ते तर्जनीच्या नखाएवढे, वजनाने दोन ते सव्वादोन ग्रॅम, जाडसर आणि कडेने किंचित ओबडधोबड असते. दर्शनी बाजूस राजाचे उजवीकडे पाहणारे मस्तक आहे: मानेपर्यंत रुळणारे केस, डोक्याला घट्ट बसलेली सपाट टोपी, पिळदार मिशी, सरळ पुढे आलेले नाक, मोठा डोळा. मस्तकाभोवती एकेकाळी ग्रीक असलेल्या अक्षरांची एक माळ फिरते, पण खोदकाराला त्या अक्षरांचा अर्थ मुळीच उमगत नव्हता हे उघड दिसते, कारण ती आता निव्वळ नक्षी होऊन राहिली आहेत. मानेमागे मात्र ब्राह्मी अंक स्पष्ट आहेत, आणि ते आपण लिहितो तसे स्थानमूल्याने लिहिलेले नाहीत. प्रथम शंभराचे चिन्ह, त्याखाली तिसाचे आणि त्याखाली एकाचे, अशी तीन निरनिराळी चिन्हे एकाखाली एक मांडून वर्ष सांगितले आहे. नाणे उलटले की मध्यभागी तीन कमानींची टेकडी, तिच्या माथ्यावर चंद्रकोर, पायथ्याशी नदीची नागमोडी रेषा, एका अंगास चंद्र आणि दुसऱ्या अंगास किरणयुक्त सूर्य दिसतो. आणि कडेने ब्राह्मी लेख फिरतो: ‘राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. संस्कृत आणि प्राकृत यांच्या सीमेवरची ही भाषा आहे. राजाचे नाव, त्याचा हुद्दा, त्याच्या बापाचे नाव, बापाचा हुद्दा आणि नाणे पाडल्याचे वर्ष, इतकी माहिती नखाएवढ्या रुप्यावर देणारे दुसरे राजघराणे प्राचीन भारतात दाखविता यावयाचे नाही.

या लेखांचे वाचन १८३० नंतरच्या दशकात जेम्स प्रिन्सेपने सुरू केले, आणि ब्राह्मी लिपीच्या उलगड्याशी ते निकट निगडित आहे. पण या नाण्यांचा अभ्यास शास्त्राच्या पदवीस नेला तो जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये, पश्चिम क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनी संपादून प्रसिद्ध केला, आणि पुढे १९०८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील आंध्र, पश्चिम क्षत्रप आणि त्रैकूटक नाण्यांची जी सूची रॅप्सन यांनीच सिद्ध केली, ती आजही या विषयाचा पाया आहे. या दोघांच्या परिश्रमाचे फळ असे की, चष्टनापासून चौथ्या शतकाअखेरच्या तिसऱ्या रुद्रसिंहापर्यंत कोणी कोणानंतर, कोणत्या शकवर्षी, कोणत्या हुद्द्याने राज्य केले याची यादी जवळजवळ वर्षावर्षाच्या नेमकेपणाने तयार झाली. या राज्यात महाक्षत्रप हा मुख्य आणि क्षत्रप हा त्याचा कनिष्ठ सहकारी असे, दोघेही आपापल्या नावे नाणी पाडीत, आणि गादी पुष्कळदा बापाकडून थोरल्या मुलाकडे न जाता भावाकडून भावाकडे जाई, ही राज्यव्यवस्थेची वैशिष्ट्ये कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाहीत. ती या नाण्यांच्या तारखा एकापुढे एक मांडल्याने कळली. मध्येच ईश्वरदत्त नावाचा एक महाक्षत्रप उपटतो, शकवर्षाऐवजी आपल्या राज्याचे पहिले आणि दुसरे वर्ष नाण्यावर घालतो आणि नाहीसा होतो. त्याचे नाव आभीरांच्या नावांसारखे, म्हणून तो आभीर असावा असे मानतात. भगवानलालांनी त्याला एका ठिकाणी बसविले, रॅप्सन यांनी दुसऱ्या ठिकाणी, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

आता या रुप्याच्या उगमाकडे वळू. त्याचे वजन, त्यावरील मस्तक आणि त्यावरील ग्रीक लेख ही तिन्ही यवन राजांकडून, म्हणजे मिनँडर व अपोलोडोटस यांच्या अर्ध्या द्रम्मांकडून आलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे जे समुद्रप्रवासाचे टिपण लिहिले, त्यात भरुकच्छाच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म आपल्या काळीही चालतात अशी नोंद आहे. यवन राजे जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. तरीही ज्या बंदरात त्यांचे नाणे सराफांच्या हातात खेळत होते, त्या बंदराच्या नव्या धन्याने तेच वजन आणि तीच धाटणी उचलावी हे अगदी स्वाभाविक होते. नव्या सत्तेचे नाणे बाजाराने विनातक्रार स्वीकारावे यासाठी याहून शहाणपणाचा मार्ग नव्हता. त्याच टिपणात रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला आणून तेथील चलनाशी बदलली असता नफा होतो, असेही सांगितले आहे. आपल्या देशात रुप्याच्या खाणी तुटपुंज्या. तेव्हा क्षत्रपांच्या टांकसाळीत जे हजारो नव्हे, लाखो तुकडे पडले असतील त्यांचे रुपे बव्हंशी समुद्रमार्गे आलेल्या रोमन दीनारांच्या आटणीतून निघाले असावे, हे अनुमान बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. कापूस, मलमल, हस्तिदंत, गोमेद हा माल पैठण आणि तेर येथून घाट उतरून भडोचला जाई आणि त्याचे मोल रुप्याच्या रूपाने परत घाटावर चढे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तेथून आणखी दहा दिवसांच्या, असा हिशेब त्या व्यापाऱ्याने दिलेला आहे.

या क्षत्रपांपैकी क्षहरात कुलातील भूमकाची नाणी तांब्याची आहेत. रुप्याचे नाणे विपुल प्रमाणात पाडणारा पहिला क्षत्रप म्हणजे नहपान. त्याच्या नाण्यावर टेकडी नाही. तेथे बाण आणि वज्र आहे, आणि लेख तीन लिप्यांत आहे: दर्शनी बाजूस ग्रीक, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत भाषा मात्र प्राकृतच आहे, म्हणजे ‘राजा क्षहरात नहपान याचे’ एवढेच त्या तिन्ही लिप्या सांगतात. समुद्रावरून येणारा यवन व्यापारी, वायव्येकडून आलेला शक सैनिक आणि येथला रहिवासी या तिघांच्या डोळ्यांना ओळखीची वाटेल अशी ही मुद्रा होती. पुढे चष्टनानंतर खरोष्ठी गळाली, ग्रीक अक्षरे निरर्थक झाली आणि ब्राह्मी तेवढी जिवंत राहिली. परकी घराणे या मातीत मुरत गेल्याचा पुरावा म्हणून या लिपींच्या ऱ्हासाइतका बोलका दस्तऐवज मिळणे कठीण.

परंतु नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याचे पुढे काय होते, हे बहुधा कोणत्याच नाण्याच्या बाबतीत कळत नाही, आणि येथे मात्र ते कळते; कारण नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून ठेवलेले दानलेख शिल्लक आहेत. उषवदात हा दीनिकाचा पुत्र आणि नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचा पती. त्याने बौद्ध भिक्षूंना लेणे दिले, ब्राह्मणांना गाई आणि गावे दिली, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या, आणि पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर नावांची विनामूल्य सोय केली. या दातृत्वाचे गुणगान अनेकांनी केले आहे. मला त्या लेखांत याहूनही मोलाचे वाटते ते त्यांतील जमाखर्चाचे काटेकोर कलम.

वर्ष ४२, वैशाख मास. लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघासाठी उषवदाताने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता व्याज तेवढे वापरावयाचा निधी, नाशिकजवळच्या गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवला. त्यांपैकी २,००० कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि उरलेले १,००० कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी बारा कार्षापण द्यावयाचे. आता हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे दरमहा वीस, वर्षास २४०. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. एका कवडीचा फरक पडत नाही. दाता आधी रक्कम ठरवून मग तिचा विनियोग शोधीत नव्हता. गरज मोजून, व्याजाचा दर जाणून त्याने मुद्दल ठरविले होते. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविला, असेही लेख सांगतो. श्रेणीची पत, व्याजाचे दोन निरनिराळे दर, सार्वजनिक वाचन आणि नोंदणी, एवढी संस्थात्मक तयारी त्या काळच्या नाशिकात होती, आणि तिच्या बुडाशी हे रुप्याचे नाणे होते. आणखी एका ठिकाणी उषवदात सांगतो की, संघाच्या अन्नासाठी त्याने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण मोजून एक शेत विकत घेतले. राजाच्या जावयाने प्रजेतील एका ब्राह्मणाची जमीन सरकारजमा न करता रोख मोल देऊन घ्यावी, ही गोष्ट त्या काळच्या मालकीहक्काविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

त्याच लेखांत देव आणि ब्राह्मण यांना ७०,००० कार्षापण दिल्याची नोंद आहे, आणि पुढे खुलासा आहे की, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने ही रक्कम दोन हजार सुवर्णांची होते. सोन्यारुप्याच्या भावाचे असे स्पष्ट लेखी प्रमाण त्या युगातून क्वचितच मिळते. हा कार्षापण म्हणजे नहपानाचे सव्वादोन ग्रॅमांच्या आसपासचे रुप्याचे नाणे आणि सुवर्ण म्हणजे सुमारे आठ ग्रॅमांचे सोन्याचे नाणे असे धरले, तर सोन्याच्या एका भारास रुप्याचे जवळपास दहा भार असा भाव निघतो. हा भाव स्थूल आहे, आणि कार्षापण हा शब्द जुन्या आहत नाण्यांनाही लागत असल्यामुळे त्यावर मतभेदास जागा आहे. तथापि मांडणी इतकी सुसंगत बसते की, लेखातला कार्षापण आणि बाण-वज्राचे नाणे एकच होते असे मानण्याकडे माझा कल आहे.

या श्रीमंतीचा शेवट कसा झाला, याविषयी जैन परंपरेत आवश्यक-निर्युक्तीच्या आधारे एक कथा चालत आली आहे. भरुकच्छात नहवाहन नावाचा राजा होता, तो कोषाने समृद्ध. प्रतिष्ठानचा सालवाहन बलाने समृद्ध. सालवाहन दरवर्षी भरुकच्छाला वेढा घाली, पण नहवाहन शत्रुसैनिकांचे हात किंवा शिर आणून देणाऱ्यास इतके द्रव्य वाटी की, वेढा देणाऱ्याचेच सैन्य झिजून जाई. अखेर सालवाहनाचा मंत्री आपल्या धन्याने हाकलून दिल्याचे सोंग घेऊन नहवाहनाच्या पदरी राहिला, विश्वास संपादून त्याने राजाला देवालये, तळी आणि दानधर्म यांत सारा खजिना खर्च करावयास लावले, आणि खजिना रिता होताच सालवाहनाने नगर घेतले. नहवाहन म्हणजे नहपान आणि सालवाहन म्हणजे सातवाहन राजा याविषयी फारशी शंका घेतली जात नाही. कथेतला मंत्री खरा असो वा नसो, परंतु ज्या राजाच्या जावयाचे हजारोंच्या दानांचे हिशेब आपण आत्ताच लेण्याच्या भिंतीवर वाचले, त्याच राजाविषयी लोकस्मृतीने रुपे आणि दान याच दोन गोष्टी जपून ठेवाव्यात, हे विलक्षण आहे.

इतिहासाने त्या पराभवाची नोंद दोन ठिकाणी ठेवली. एक नोंद नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात आहे. तेथे सातवाहन राजा पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन करताना त्याने क्षहरातवंश निःशेष केला असे सांगते. त्याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या आज्ञापत्रात, गोवर्धनातील बेणाकटक येथील विजयी सेनेच्या छावणीतून, विष्णुपालित नावाच्या अमात्यास हुकूम आहे की, पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तने क्षेत्र आता भिक्षूंना द्यावे. दुसरी नोंद रुप्यावर होती, आणि ती १९०६ साली उजेडात आली.

त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी जमिनीतून रुप्याच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा निघाला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती सर्वच्या सर्व नहपानाची होती. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांची तपासणी करून तिचा वृत्तान्त १९०८ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक, म्हणजे दोनतृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले होते: एका बाजूस तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेषा आणि भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरे, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे चिन्ह म्हणून प्रसिद्ध असलेली चार वर्तुळांची आकृती. ठसा बहुतेक वेळी पूर्ण बसलेला नाही. टेकडीच्या कमानींआडून नहपानाच्या कपाळाची, नाकाची रेषा डोकावते, बाणाचे टोक वर्तुळांच्या मधून निसटते, जुन्या लेखाची दोनचार अक्षरे नव्या लेखाच्या पंक्तीत शिरतात. जित आणि जेता एकाच तुकड्यावर इतक्या शब्दशः एकत्र आलेले अन्यत्र पाहावयास मिळत नाहीत.

या साठ्यावरून निघालेले पहिले अनुमान निर्विवाद ठरले: नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये दुसरा कोणी क्षत्रप झाला नसला पाहिजे, कारण तसे असते तर त्याचे एखादे तरी नाणे तेरा हजारांत मिसळले असते, म्हणजे दोघे समकालीन होते. दुसरा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. गौतमीपुत्राने शत्रूची नाणी आटवून आपली नवी का पाडली नाहीत? पुष्कळांनी याचे उत्तर विजयाची घोषणा या एका शब्दसमूहात दिले आहे, आणि ते खोटे नाही. पण एवढ्याने समाधान होत नाही. नुसती घोषणाच करावयाची तर काही शेकडा नाणी पुरली असती. हजारो नाण्यांवर एकेक करून ठसे मारण्याचे श्रम ज्याअर्थी घेतले गेले त्याअर्थी ती नाणी व्यवहारात चालू ठेवावयाची होती. नाशिकच्या श्रेणींकडे ठेवी याच रुप्यात होत्या, व्याजाचे करार याच नाण्यात झाले होते, शेतांची मोले याच नाण्यात ठरली होती. ते नाणे एका दिवसात रद्द केले असते तर गोवर्धनच्या बाजारात अनर्थ झाला असता. आणि ठसा न मारता चालू दिले असते तर मुलखात दुसऱ्याची राजमुद्रा चालत राहिली असती. गौतमीपुत्राने मधला मार्ग काढला: रुपे तेच, कस तोच, वजन तेच, स्वामित्व तेवढे बदलले. आटवणीचा खर्च वाचला आणि बट्टा लावण्याचे कारण सराफास राहिले नाही. भिक्षुसंघाला क्षेत्र देताना जो राजा जुन्या भोगवट्याचा उल्लेख करून नवा हुकूम काढतो, त्याच्याच बुद्धीचा हा दुसरा आविष्कार आहे असे मला वाटते.

त्या साठ्यातील मूळ नाण्यांवरील मुखवटेही अभ्यासकांना कोड्यात घालणारे आहेत. एकाच नहपानाच्या नावाखाली तरुण, प्रौढ, वृद्ध, भरदार गालांचे आणि खप्पड गालांचे असे इतके निरनिराळे चेहरे आढळतात की, घराण्यातील अनेक पुरुषांनी एकच नाव चालविले असावे अशी शंका स्कॉट यांना आली. दीर्घ राजवटीत अनेक खोदकारांच्या हातून ठसे तयार झाल्यामुळे असे झाले असण्याचा संभव मला अधिक दिसतो. परंतु हा प्रश्न साठा एकत्र पाहिला म्हणूनच निर्माण होऊ शकला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. जमिनीत सापडलेल्या ठेव्यांसाठी १८७८ पासून कायदा आहे, तरीही कितीतरी साठे सरकारी दप्तरात नोंदले जाण्यापूर्वीच सोनाराच्या मुशीत गेले किंवा सुटे सुटे विकले गेले. जोगलटेंभीच्या नाण्यांतील एखादे सुटे हाती आले असते तर त्याने एक पराभव सांगितला असता. तेरा हजारांनी एकत्र राहून एका राज्याचे चलनधोरण सांगितले. म्हणून सापडलेला साठा मोजण्यापूर्वी विखुरणे हे मला ग्रंथालय जाळण्याइतकेच दुःखद वाटते.

नहपानाच्या काळाविषयीचा वाद या विषयातील सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट वाद आहे. उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षे येतात आणि जुन्नर येथे अयम नावाच्या अमात्याच्या लेखात ४६ हे वर्ष येते. तेथे नहपानाला महाक्षत्रप म्हटले आहे. ही वर्षे कोणत्या गणनेची? रॅप्सन यांनी ती शकवर्षे धरली, म्हणजे नहपान इसवी सन १२४ पर्यंत येतो. पण कच्छातील अंधौ येथील लेखांत शके ५२, म्हणजे इसवी सन १३० मध्ये, चष्टन आणि त्याचा नातू रुद्रदामा हे दोघे सत्तेवर दिसतात. तेव्हा नहपानाचा नाश, गौतमीपुत्राचा विजय आणि चष्टनाच्या घराण्याचा पुनरुदय हे सारे सहा वर्षांत कोंबावे लागते. राखालदास बॅनर्जी आदी विद्वानांनी ती वर्षे नहपानाच्या स्वतःच्या राजवटीची मानली. पेरिप्लसमध्ये भडोचच्या राजाचे जे नाव येते ते नहपानाचेच भ्रष्ट रूप असावे असे पुष्कळांचे मत आहे, आणि तसे असेल तर नहपान पहिल्या शतकाच्या मध्याकडे सरकतो. पुढे पुण्याच्या डॉ. शोभना गोखले यांनी अंधौ येथीलच वर्ष ११ चा चष्टनाचा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा पारडे या दुसऱ्या पक्षाकडे पुष्कळच झुकले. कारण शके ११ मध्येच चष्टन कच्छात राज्य करीत असेल तर शके ४६ पर्यंत नहपानाला त्याच टापूत वाव राहत नाही. माझ्या मते आता रॅप्सन यांची कालगणना टिकणे अवघड आहे.

या निर्णयाचा संबंध आपल्या पंचांगाशीही पोचतो. इसवी सन ७८ पासून सुरू होणारा शक कनिष्काने चालू केला की चष्टनाने, यावर विद्वानांत मतभेद आहेत; परंतु तो शतकानुशतके अखंड वापरून टिकविला तो क्षत्रपांनी, आणि त्यांच्या नाण्यांवरील अंक हाच त्या अखंडतेचा पुरावा आहे. पुष्कळ उशिरा त्या शकाला शालिवाहनाचे नाव चिकटले. ज्या सातवाहनांनी आपल्या लेखांत आपापली राज्यवर्षेच वापरली, त्यांच्या नावे महाराष्ट्र आज शकांची कालगणना चालवीत आहे.

सातवाहनांनी शत्रूच्या नाण्यावर ठसा मारून थांबावे असेही झाले नाही. गौतमीपुत्राच्या वंशजांनी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी यांनी, त्याच वजनाचे आणि त्याच धाटणीचे रुप्याचे नाणे स्वतःच्या मस्तकासह पाडले. सातवाहनांची इतर नाणी शिशाची, तांब्याची, पोटिनची, हत्तीची आणि सिंहाची. राजाचा चेहरा त्यांवर सहसा नाही. रुप्यावर मात्र चेहरा आला, कारण रुप्यावर चेहरा असतो हे बाजाराने क्षत्रपांपासून गृहीत धरले होते. या नाण्यांच्या एका बाजूस प्राकृत लेख आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी वळणाच्या भाषेतील लेख आहे, ही गोष्टही मोठी लक्षणीय आहे. १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन करताना भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचे असेच एक रुप्याचे नाणे मिळाले होते.

चष्टनाच्या कार्दमक कुलाचा उत्कर्ष रुद्रदाम्याच्या काळी झाला. शके ७२ च्या गिरनार लेखात त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही निकट नात्यामुळे नष्ट केले नाही असे म्हटले आहे, आणि कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुलातील, एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे सांगितले आहे. याच गिरनार लेखात सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध प्रजेवर कर, वेठ किंवा नजराणा न लादता स्वतःच्या कोषातून दुरुस्त केल्याचे राजा अभिमानाने नमूद करतो. कोषात सोने, रुपे, रत्ने ओसंडत आहेत, असेही त्यात आहे. शके १०० च्या सुमारास नाण्यांवर वर्षे येऊ लागली. पुढची दोन शतके साचा जवळजवळ न बदलता चालली, हेच त्या चलनाच्या पतीचे गमक. चौथ्या शतकात मात्र उतरती कळा लागली: थेट वंश विश्वसेनाबरोबर संपला, मध्ये काही वर्षे नाणीच मिळत नाहीत, तिसऱ्या रुद्रसेनाच्या काळी शिशाचीही नाणी पाडली गेली, आणि अक्षरे, चेहरे दोन्ही बोजड झाली. त्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने हे राज्य जिंकले.

सोन्याच्या नाण्यांसाठी जगद्विख्यात असलेल्या गुप्तांनी पश्चिमेकडील नव्या प्रांतासाठी नाणे पाडले ते रुप्याचे, आणि तेही क्षत्रपी वजनाचे: तेच मस्तक, मस्तकाभोवती त्याच मृत ग्रीक अक्षरांच्या खुणा, मागे टेकडीच्या जागी गरुड. पाचव्या शतकात दक्षिण गुजरात, उत्तर कोकण आणि नाशिक या टापूत सत्ता गाजविणाऱ्या त्रैकूटक दह्रसेन व व्याघ्रसेन यांनी तर टेकडीही कायम ठेवली. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने टेकडीच्या जागी नंदी बसविला. त्याचे छोटे रुपके नाशिकपासून मुंबई-साष्टीपर्यंत सापडतात. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे भोगशक्तीचे जे ताम्रपट मिळाले आणि ज्यांचे संपादन म. म. वा. वि. मिराशी यांनी केले, त्यांत, कलचुरी संवत् ४६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ७१० च्या सुमारास, कृष्णराज-रुपकांचा उल्लेख चालू नाणे म्हणून आलेला आहे. कृष्णराज दिवंगत होऊन तेव्हा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि अंजनेरीहून उषवदाताचे लेणे एका दिवसाच्या पायी वाटेवर आहे.